गालातला मणी

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या नाट्यगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या आठशे. नाटकाला त्यातल्या निम्म्या भरल्या तरी व्यवस्थापक खुशीत येऊन सगळ्यांना चहा पाजायचा. त्या दिवशी मात्र लोक पायऱ्यांवर बसले होते, भिंतींना टेकून उभे होते. परीक्षेची मुलं आणि त्यांच्या आया, वकील, विमा एजंट, निवृत्त मास्तर. प्रत्येकाचं काहीतरी डोक्यातून निसटलं होतं आणि ते परत मिळेल या आशेनं प्रत्येकजण आला होता.

रंगमंचाच्या मधोमध पांढऱ्या अंगरख्यातला एक माणूस बसला होता. त्याला लोक आठवणबाबा म्हणत.

"लेकरांनो, शब्द कुठे जात नाहीत," आठवणबाबा मधाळ आवाजात सांगत होते. "शब्द म्हणजे जमिनीखालचं पाणी. झरा बुजतो, पाणी तिथंच असतं. हा मणी गाळ काढतो, बाकी काही करत नाही. आता तर विज्ञानसुद्धा हेच म्हणायला लागलंय!"

कुठलं विज्ञान, कधी म्हणालं, कुणाच्या कानात म्हणालं, हे विचारायला आठशेतला एकही उठला नाही.

मग त्यांची शिष्या पुढे आली. पंचवीस-सव्वीसची, सडसडीत, सुती साडीतली मुलगी. बाबांनी वाटाण्याहून लहान असा एक काळा मणी तिच्या गालात ठेवला आणि लोकांना सांगितलं, "बोला, वाट्टेल ते वाक्य बोला."

"माझ्या सायकलची चेन उतरली!"

"डॉक्टर, दात आजच काढायला हवा का?"

"सासूबाई उद्या परत जाणार आहेत!" यावर असा हशा पिकला, की पुढचं वाक्य ऐकायला जरा वेळ गेला.

मागच्या फळ्यावर एकजण वाक्यं लिहून घेत होता. शिष्येची फळ्याकडे पाठ होती. चाळीस वाक्यं झाली. तिनं पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत ती सगळी म्हटली. मग चाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत म्हटली. एका मास्तरांनी उभं राहून परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "सव्विसावं?"

"दूध उतू गेलं."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. लोकांनी मण्यांसाठी रांग लावली.

मी हे सगळं विंगेतून पाहत होतो. त्या नाट्यगृहात मी चाळीस वर्षं पडदे ओढले. मी थक्क झालो नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण त्या मुलीच्या डोळ्यांनी मला बुचकळ्यात टाकलं होतं. वाक्य ऐकलं की तिची नजर कुठेतरी जाऊन टेकायची. पहिल्याला दारावर, दुसऱ्याला घड्याळावर, तिसऱ्याला आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीवर. म्हणून दाखवताना नजर पुन्हा त्याच वाटेनं फिरायची. उलटं म्हणताना उलटी.

ही वाट माझ्या ओळखीची होती. पन्नाशीपर्यंत मला अक्षरओळख नव्हती. कुठल्या वाक्याला कुठला पडदा पाडायचा हे बाकीच्यांना कागदावर लिहून मिळायचं, मला तो कागद कोराच. म्हणून मी वाक्यं दोरांना टांगायचो. माझ्यासमोर सतरा दोर असत. पहिल्या दोरावर भांडणारा सासरा, दुसऱ्यावर दार आपटणारी सून, तिसऱ्यावर पत्र. दोराकडे बघितलं की वाक्य खाली उतरायचं. त्यात चमत्कार कसला आला? गरज पडली की माणूस असली युक्ती शोधून काढतो.

मला त्या दिवशीच कळलं होतं. मी बोललो नाही. नाट्यगृह भरत होतं, व्यवस्थापक खुश होता आणि मला वाटलं, लोक गालात मणी ठेवतात तर ठेवू देत, कुणाचं काय जातं? पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे तो हा.

*

आमच्या मंडळींत बाई म्हटलं की एकच. चाळीस वर्षं मुख्य भूमिका करणारी. इतरांना प्रॉम्प्टर लागायचा, बाईंच्या प्रवेशात प्रॉम्प्टर विडी ओढायला बाहेर जायचा. तालमीत कुणी अडखळलं की बाई म्हणायच्या, "अरे, वाक्य डोक्यात कशाला कोंबतोस? हाताला शिकव. कप उचलतोस ना, मग वाक्य कपाच्या कानाला अडकव. कप उचलला की ते येईल." त्या स्वतः तशाच शिकायच्या. वही हातात घेऊन रिकाम्या रंगमंचावर फिरायच्या आणि एकेक वाक्य एकेका वस्तूपाशी ठेवत जायच्या.

मला अक्षरं बाईंनीच शिकवली, नाटकाच्या वहीवरून. मुळाक्षरं नीट यायच्या आधी मला 'दार उघड, मी आहे' हे वाचता येऊ लागलं होतं. वाक्य पाठ होतं, फक्त ते कागदावर कसं दिसतं हे पाहायचं होतं.

त्या बाई विसरायला लागल्या. आधी माणसांची नावं, मग तालमीची वेळ, मग गॅसवर ठेवलेलं पातेलं. आवाज जड झाला. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. भर उन्हाळ्यात अंगावर शाल. त्यांची लेक आमच्याकडेच कपडेपट सांभाळायची, ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं होतं. "गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते, तिचं काम फार मंदावलंय. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. विसरण्यातला काही भाग यामुळे असणार, तो सुधारेल. काही भाग दुसऱ्या आजाराचा असू शकतो. किती कशाचा, ते गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी कळेल."

"म्हणजे आई पूर्ण बरी होईल ना?" लेकीनं विचारलं.

"ते आज मला सांगता येणार नाही."

लेक घरी आली ती हेच वाक्य घेऊन. आणि त्याच आठवड्यात तिनं आठवणबाबांना विचारलं, "महाराज, माझी आई पूर्ण बरी होईल ना?"

बाबा म्हणाले, "नक्की."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं तर बाबांनी अख्खी नाव देऊ केली होती. ती कागदाची आहे की लाकडाची, हे बुडणारा माणूस वाजवून बघत नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी बाईंना रंगमंचावर बोलावलं. शनिवारच्या प्रयोगाचा सेट तसाच उभा होता; बाईंचं काम हल्ली दुसरीच नटी करत होती. नाटकात एक म्हातारी आई असते. तिचा मुलगा परागंदा झालाय आणि सून घर सोडून निघालीय. सुनेला निरोप देतानाचं भाषण सलग सात मिनिटांचं. घरी बाईंना त्यातली दोन वाक्यं सलग येत नव्हती, हे लेकीनं सगळ्यांसमोर सांगितलं. बाबांनी मणी त्यांच्या गालात ठेवला, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल, माउली."

बाईंनी खुंटीवरचा कोट काढला आणि सुरुवात केली. "हा त्याचा कोट. बाह्या बघ, अजून कोपरात वाकलेल्या आहेत. माणूस गेला तरी कापडाला ते कळलेलं नसतं." मग पेटीपाशी, मग खिडकीपाशी, मग खुर्चीत. सात मिनिटांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. लोक हुंदके देत होते. लेक विंगेत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. "काका, आई परत आली हो!"

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. युक्त्या ओळखणारा मी, त्या सात मिनिटांत पुरता भाबडा झालो होतो.

बाबांनी जाता जाता सांगितलं, "माउली, आता त्या गोळ्या नकोत हं. आम्ही इकडे गाळ काढायचा आणि गोळ्यांनी तिकडून ढकलायचा. दोन्ही चालत नाही."

बाईंच्या गोळ्या अकरा दिवस घेऊन बंद झाल्या.

*

पाच महिने गेले. प्रयोगात बाई उभ्या राहायच्या. एखादं वाक्य मागे-पुढे व्हायचं, पण निभायचं. घरी मात्र लेकीला त्यांनी दोनदा विचारलं होतं, "तुझी आई कधी येणार?" बाबा म्हणत, "गाळ ढवळला की पाणी आधी गढूळ होतंच." म्हणजे सुधारलं तर मण्यामुळे आणि बिघडलं तरी मण्यामुळेच. छापा आला की बाबांचा, काटा आला तरी बाबांचाच.

एका प्रयोगात घरमालकाच्या कामाला नवा नट होता. उत्साही माणूस. बसताना त्यानं खुर्ची ओढून दोन हात पुढे घेतली. बाई भाषणाच्या शेवटी खुर्चीकडे वळल्या आणि थांबल्या. खुर्ची जागेवर नव्हती. त्यांची बोटं हवेत खुर्चीची पाठ चाचपत होती. प्रॉम्प्टरनं दोनदा वाक्य दिलं, त्यांना ऐकूच आलं नाही. शेवटी त्या नटानं घाबरून उठून खुर्ची मागे सारली. बाईंचा हात पाठीला लागला, आणि लागल्याबरोबर वाक्य आलं. "बस जरा. निघायचंच आहे तर बसून निघ."

मी दोर धरून उभा होतो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मणी गालातच होता. नव्हती ती फक्त खुर्ची.

लेकीला सांगितलं तर ती उसळलीच. "काका, तुम्हाला तिचं बरं झालेलं बघवत नाही का?"

"अगं, गोळी तर सुरू कर. मणी राहू दे हवं तर."

"आणि मण्याचा गुण गेला तर? तुम्ही भरून देणार?"

घाबरलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याला दाखवावं लागतं.

मंगळवारी दुपारी नाट्यगृह रिकामं असतं. लेकीला मी पहिल्या रांगेत बसवलं. बाईंचा मणी त्यांच्या रंगपेटीतल्या डबीत असायचा. मी तो काढून खिशात टाकला आणि त्या जागी कपडेपटातल्या तुटक्या माळेचा एक काळा मणी ठेवला. फसवणूक उघडी पाडायला मी फसवणूक केली, आणि तीही माझ्या गुरूची. ते मला अजून बोचतं.

बाईंनी मणी गालात ठेवला आणि नेहमीच्या सेटवर पूर्ण भाषण म्हटलं. एक वाक्य गाळलं, तेवढंच.

मी पुढे झालो आणि खिशातला मणी तळहातावर धरला. "बाई, तुमचा मणी हा. गालात आहे तो दुसऱ्या अंकातल्या सावकारणीच्या माळेतला."

लेक उठून उभी राहिली. बाईंनी गालातला मणी काढून निरखला आणि आधी हसल्या. "सावकारणीचा? शी! कधी धुतला होतास तरी?"

आणि मग त्यांचं हसू ओसरलं. बाई विसरत होत्या, पण बुद्धी गेलेली नव्हती.

"म्हणजे हा असला काय आणि नसला काय," त्या सावकाश म्हणाल्या. "मग मला बोलवतंय कोण?"

मी पेटीकडे, खिडकीकडे, खुर्चीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"सेट उलटा लाव," त्या म्हणाल्या.

"नको बाई. कळलंय आपल्याला, तेवढं पुरे."

"अर्धीच परीक्षा घेतलीस. डाव्याचं उजवीकडे कर. बाबांचा खरा मणी आण इकडे. लाव म्हणते ना!"

लेक म्हणाली, "काका, नका ना!"

"तू गप्प बस," बाई लेकीला म्हणाल्या. "मला बघू दे, माझ्याकडे माझं किती उरलंय ते."

मी पेटी डावीकडून उजवीकडे नेली. खिडकीची चौकट फिरवली. इतकं जड काम मी आयुष्यात केलं नाही, आणि पेटी तर रिकामी होती.

बाईंनी खरा मणी गालात ठेवला. खुंटीवरून कोट काढला. "हा त्याचा कोट. बाह्या बघ, अजून कोपरात वाकलेल्या आहेत. माणूस गेला तरी कापडाला ते कळलेलं नसतं." कोटाची घडी घालत त्या डावीकडे चार पावलं गेल्या आणि वाकल्या. तिथं पेटी नव्हती.

त्या तशाच वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या, कोट छातीशी धरला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पेटी त्यांना दिसली. पण दिसून उपयोग नव्हता. ती दुसऱ्याच कुणाच्या घरातली पेटी असावी, तशा त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"पुढे काय रे?"

मी म्हटलं, "पेटीला मी कुलूप लावणार नाही. परत येणाऱ्याला किल्ली शोधायला लागू नये."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "कुणी लिहिलंय?"

पाच हजार वेळा म्हटलेलं वाक्य होतं ते.

त्या खाली बसल्या. लेक धावत वर आली आणि त्यांच्या पायाशी बसली. मग बाईंनी गालातला मणी काढला, पदराला पुसला आणि लेकीच्या हातात दिला. "त्या गोळ्या टाकल्यास की ठेवल्यास?"

"ठेवल्यात आई."

"मग उद्या सकाळपासून दे. उपाशीपोटी म्हणाली होती ना ती? बघ, एवढं आठवलं मला."

*

रविवारी बाई स्वतःहून आल्या. मी नको म्हटलं होतं. ज्या बाईनं चाळीस वर्षं कधी वाक्य चुकवलं नाही तिनं आठशे लोकांसमोर 'मी विसरते' म्हणायचं, हे मला सहन होणार नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझ्या त्या सात मिनिटांमुळे किती जणांनी मणी घेतला असेल? त्यांना सांगायला तू जाणार? तुझं कोण ऐकणार?"

शिष्येची चाळीस वाक्यं नुकतीच झाली होती. बाई पायऱ्या चढताना दिसल्या तसे बाबा हात पसरून उठले. "बघा, बघा! माझ्या मण्याचा जिवंत पुरावा!"

बाईंनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"मी विसरते. पाच महिन्यांपूर्वी इथे मी भाषण म्हटलं ते मण्यामुळे नाही. पेटी, खिडकी, खुर्ची जागच्या जागी होती म्हणून. परवा पेटी हलवली आणि मणी गालात असून मला शब्द सापडला नाही. डॉक्टरांनी मला गोळी दिली होती. ती मी यांच्या सांगण्यावरून बंद केली. तुमच्यापैकी कुणी बंद केली असेल तर आज घरी जाऊन पुन्हा डॉक्टरांना विचारा. हे मी वाचून दाखवते आहे, कारण मला पाठ करता आलं नाही."

बाईंनी कागदाची घडी घातली.

बाबा मात्र कसलेले होते. हसून म्हणाले, "माउली, श्रद्धा कुठेतरी कमी पडली."

"श्रद्धा भरपूर होती हो," बाई म्हणाल्या. "पेटी हलली होती."

कुणीतरी हसलं. मागून एकजण ओरडला, "मग ही पोरगी चाळीस वाक्यं कशी सांगते?"

बाईंनी विंगेकडे पाहिलं. "पडदेवाला, ये बाहेर."

चाळीस वर्षांत मी प्रेक्षकांना कधी दिसलो नव्हतो. मी दोर सोडला आणि बाहेर आलो. शिष्या वाक्यं ऐकत होती तेव्हा मीही विंगेत ती ऐकली होती आणि माझ्या दोरांना टांगली होती. सतरा दोर, प्रत्येकाची वरची गाठ आणि खालची गाठ, म्हणजे चौतीस. उरलेली सहा जिन्याच्या पायऱ्यांवर. मी तोंड उघडून लोकांना जीभ दाखवली, दोन्ही गाल दाखवले, "मणी नाही, दातही मोजकेच आहेत," म्हटलं आणि सुरू केलं. एकोणचाळीस आली. एकतिसावं गळालं.

"याचं एक चुकलं!" बाबा गरजले.

"चुकलं," मी म्हटलं. "मी सत्तरीचा आहे आणि पडदे ओढतो. ही पोरगी रोज सराव करते, तिचं चुकत नाही. एवढाच आमच्यात फरक." आणि मग मी कसं ते सांगितलं. दार, घड्याळ, बादली. लोकांनी माना वळवून घड्याळाकडे आणि बादलीकडे पाहिलं. "घरी जाऊन दहा वस्तूंवर दहा वाक्यं ठेवून बघा. आज सहा येतील, महिन्यानं दहा येतील. फुकट आहे. आणि आजारानं विसरत असाल तर हेही उपयोगाचं नाही. मग डॉक्टर."

पुढच्या रांगेतल्या मास्तरांनी खिशातून आपला मणी काढला आणि दातांनी फोडला. काळा रंग दिलेली कसलीतरी साधी बी होती.

मोठा गलका झाला. बाबा मागच्या दारानं गेले. सगळे लोक त्या दिवशी शहाणे झाले असं मी लिहिणार नाही. एक आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमचं पटतंय हो. पण उद्या माझ्या मुलाचा पेपर आहे. उद्यापर्यंत राहू दे त्याच्या गालात." तिला रागवायला माझी जीभ वळली नाही.

शिष्या रिकाम्या रंगमंचावर फळा पुसत होती. मी तिला म्हटलं, "पोरी, एवढी विद्या तुझ्याकडे. ती मण्याच्या नावावर का विकलीस?"

तिनं फडकं पिळलं. "आठ वर्षं घासलीय काका ही विद्या. मी आधी शाळांमध्ये जाऊन सांगत होते, मेहनतीनं जमतं म्हणून. वर्गात चार मुलं बसायची. मणी म्हटल्यावर आठशे माणसं आली. आता सांगा, चूक एकट्या माझीच का?"

मी तिला सांगितलं की चूक तिची आहे, कारण तिला खरं माहीत होतं. सांगताना मला कळत होतं, की हे मी स्वतःलाही सांगतोय.

*

गोळीनं बाईंचा आवाज परत आला. सूज उतरली, शाल कपाटात गेली. लेकीला त्या आता लेक म्हणून ओळखतात आणि भाजी चिरताना तिच्या चुका काढतात. पण नवं वाक्य त्यांच्याजवळ टिकत नाही, आणि जुनीही एकेक करून चालली आहेत. थायरॉइडचं होतं ते सुधारलं. जे दुसऱ्या आजाराचं होतं, ते थांबलेलं नाही. बाईंनी रंगमंच सोडला. निरोपाचा प्रयोग ठेवू म्हणून सगळे मागे लागले होते, त्यांनी नको म्हटलं.

परवा तपासणीला मी बरोबर होतो. लेकीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. तो प्रश्न किती महिने तिच्या घशात अडकला होता, कुणास ठाऊक. "ते पाच महिने मी वाया घालवले नसते, तर आई यापेक्षा बरी असती का?"

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित थोडी. कदाचित नाही. खरंच सांगता येत नाही."

लेक तिथंच रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, 'माहीत नाही', हेच ते दोन शब्द, जे आठवणबाबांनी आयुष्यात कधी उच्चारले नाहीत. त्यांच्याकडे सगळ्याला 'नक्की' होतं. पास नक्की, बरं नक्की, परत येणार नक्की. आपण त्या 'नक्की'ला भुललो आणि जी बाई खरं बोलत होती तिच्याकडे पाठ फिरवली.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातलं माणूस विसरायला लागलं तर लाजू नका, लपवू नका, त्याला तपासून घ्या. औषध सुरू झालं तर कुणाच्या शब्दावर ते थांबवू नका. कुणी चमत्कार दाखवला तर मणी बदलून बघा, पेटी हलवून बघा. आणि दोन माणसं समोर असली, एक 'नक्की' म्हणणारं आणि एक 'माहीत नाही' म्हणणारं, तर दुसऱ्याकडे जा. तिथून रडत परत यावं लागेल कदाचित. पण जे गेलं ते कशानं गेलं आणि जे उरलंय ते किती आहे, हे तिथंच कळेल. मग जे उरलंय त्याच्याजवळ बसता येतं. मी रोज दुपारी बाईंपाशी बसतो.